दाराला कुठला रंग?

"खुर्ची?" फोरमनने फूटपट्टी खुर्चीच्या पाठीवर टेकवली.

"डी," बायको म्हणाली. "म्हणून लाल."

पट्टी खुर्चीवर फाटकन बसली. खुर्चीला काही झालं नाही. तिच्यात बसलेल्या सासूबाई तेवढ्या दचकल्या.

"डेअर! पुल्लिंगी! निळी चिठ्ठी! आपल्याकडे ती खुर्ची, म्हणून तिकडेही तीच? तिकडचे लोक काय तुला विचारून बोलतात?"

"चुकलं," म्हणत ती निळी चिठ्ठी शोधू लागली. तिच्या डाव्या हातातून चिठ्ठ्या निसटत होत्या. गेल्या वर्षी मोडलेलं मनगट अजून नीट धरत नव्हतं. कसं मोडलं असं कुणी विचारलं, तर घरातली तिन्ही माणसं एकच उत्तर देत: न्हाणीघरात पाय घसरला.

फोरमनला परदेशातल्या कारखान्यात नोकरी लागली होती. बायकोला बरोबर न्यायचं तर तिला जर्मनची पहिली परीक्षा पास होणं भाग होतं. तिला मागे ठेवायला तो तयार नव्हता. "मागे राहून तू काय दिवे लावशील, ते मला ठाऊक आहे," असं तो म्हणे. आईची सोय मात्र त्याने वृद्धाश्रमात करून टाकली होती.

घरातल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावून शिकायची युक्ती बायकोचीच. पुल्लिंगी डेअरला निळी, स्त्रीलिंगी डीला लाल, नपुंसकलिंगी दासला हिरवी. चिठ्ठ्या फोरमनने कारखान्यातून आणल्या.

"तिथे अडगळीला लाल चिठ्ठी लावतो आम्ही," तो जेवताना ऐटीत सांगे. "लाल दिसली की हमाल उचलून बाहेर नेतात, विचारत नाहीत. तुझं डोकं तिथे असतं ना, तर त्यालाही एक डकवली असती."

यावर तोच हसे. सासूबाईही हसत, पण जरा उशिरा. अक्षरं त्यांच्या डोळ्यांना सोडून गेली होती. रंग तेवढे दिसत.

रोज संध्याकाळी तो सगळ्या चिठ्ठ्या नीट करून घेई आणि दुसऱ्या दिवशी बायको तेच घोटाळे नव्याने घाली. खुर्ची लाल. टेबल हिरवं. दिवा निळा, घड्याळ हिरवं. सगळं मराठी वळणाने. फक्त बॅग, पेटी आणि शिलाई मशीनची लाल तेवढी बरोबर येई.

एका संध्याकाळी तो सासूबाईंच्या काठीपाशी थांबला. काठीलाही लाल.

"काल निळी लावून घेतली होती," तो हळू आवाजात म्हणाला. ओरडताना तो बरा असे. आवाज उतरला की ती भिंतीकडे सरके. "मुद्दाम करतेस का?"

पट्टी तिच्या मनगटाच्या अगदी जवळ आली.

"अरे, मुद्दाम करायला अक्कल लागते," सासूबाई म्हणाल्या. "ढ आहे ती. लग्नाआधीच मी तुला म्हटलं होतं."

तो खो खो हसला. पट्टी खाली गेली. कितीतरी वेळ बायको भिंतीला टेकून उभी होती.

परीक्षेच्या सकाळी त्याने सगळ्या चिठ्ठ्या उपटून तिच्या हातात दिल्या. "सगळं पहिल्यापासून लाव. बघू दे."

तिने लावल्या. खुर्ची लाल. काठी लाल. बॅग, पेटी, मशीन लाल. टेबल हिरवं. कपाट हिरवं. फोरमनच्या कपाळावरची शीर तटतटली, पण खाली रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"आई?" त्याने दात आवळून विचारलं.

"डी." तिने सासूबाईंच्या पदराला लाल चिठ्ठी लावली.

"नवरा?"

"डेअर. निळी." त्याच्या शर्टाच्या खिशावर तिने ती दाबून बसवली.

"ही एक कधी चुकत नाहीस," तो म्हणाला. "राहू दे खिशावर. मला बघून तरी बाकीचं आठवेल. नापास झालीस तर माझं जाणं अडलं. आणि माझं अडलं, तर पुढे काय होईल ते तुला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. तिने ओढणी मनगटावर घेतली.

बाहेर पडताना त्याची नजर दाराकडे गेली. दाराला हिरवी.

"दारसुद्धा?" त्याने ती टरकावली आणि दुसरी स्वतःच्या हाताने थापली. "डी ट्यूर! स्त्रीलिंगी!"

"दाराला कुठला रंग लावलास रे?" सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं.

"लाल! आणि ती कुणी काढायची नाही!"

"मी कशाला काढतेय?" सासूबाई म्हणाल्या.

परीक्षा केंद्राच्या फाटकासमोर तो उभा राहिला. ती आत जाताना एकदाही वळली नाही. यथावकाश घंटा झाली, मुलंमुली बाहेर आली, हसत, एकमेकांना उत्तरं विचारत. ती आली नाही.

"आत आता फक्त झाडणारी बाई आहे," वॉचमन म्हणाला. "मागच्या फाटकानेही जातात काही जण."

म्हणजे नापास. म्हणजे रडत घरी पळाली. फोरमनने रिक्षा केली. अर्ध्या वाटेवर त्याला घाम फुटला; तिकडच्या नोकरीचं आता काय? मग राग आला, तेव्हा कुठे बरं वाटलं.

जिना चढतानाच त्याने किल्ली काढली. किल्ली पुढे करून तो उभा राहिला, तो उभाच राहिला. कुलूप नव्हतं. दारही नव्हतं. चौकटीत बिजागऱ्यांची भोकं तेवढी होती.

आत टेबल होतं, हिरवं. घड्याळ होतं, हिरवं. दिवा होता, निळा. शिलाई मशीन नव्हतं. बॅग, पेटी, काठी नव्हती, खुर्ची नव्हती, खुर्चीतली आई नव्हती. उघड्या चौकटीतून वारा आला, छातीपाशी काहीतरी फडफडलं, म्हणून त्याने खाली पाहिलं. निळी चिठ्ठी जागच्या जागी होती.