प्रवाळावरचा पांढरा पट्टा

बाळांनो, एका काचेच्या टाकीला नाक टेकवून तुम्ही उभे आहात, असं समजा. आत पंज्याएवढं प्रवाळ आहे. दिसायला दगड, पण त्यावर हजारो चिमुकले जीव एकमेकांना चिकटून राहतात. आज त्याच्या कडेला बोटभर पांढरा पट्टा आहे. तिथले जीव मेले आहेत.

टाक्यांची देखभाल करणाऱ्या बाईंनी हे प्रवाळ नखाएवढं होतं तेव्हापासून, सहा वर्षं वाढवलं होतं. गेले चार दिवस त्या एकट्याच त्याला औषधं देत होत्या. आजार दिसला की मोठ्या सरांना कळवायचं, हा प्रयोगशाळेचा नियम. कळवलं की टाकी प्रवाळासकट रिकामी होणार, हेही ठरलेलं. म्हणून बाईंनी काचेवर टॉवेल टाकून ठेवला होता.

शाळा सुटली की त्यांची लेक तिथेच गृहपाठ करी. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. आज तिने प्रवाळाचा कण ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"आई, पेशी फुटतायत!"

"फुटू दे. आपणहून फुटतात त्या." आई स्टुलावर टेकली. तिचा आवाज पार बसला होता. "आत जंतू शिरला की पेशी फुगते आणि फुटते. जंतूचं घरच मोडतं. फुटताना जे बाहेर सांडतं, त्यावरून शेजारणींना कळतं की शत्रू आलाय. मग त्या तयारीला लागतात."

"आणि एखादी गप्पच बसली तर?"

"तर तो आत मजेत वाढतो. शेजारणींना कळेपर्यंत उशीर झालेला असतो."

मुंगीने खोलीभर नजर फिरवली. आणखी अकरा टाक्या होत्या. सगळ्यांना जोडणारी नळी एकच.

"आई, पाणी सगळ्यांना एकच ना गं?"

"हो."

"मग तू अजून कुणालाच कसं सांगितलं नाहीस?"

आईने ओले हात मांडीवर ठेवले. पुटपुटली, "सहा वर्षं, मुंगे."

मुंगीने तिच्या कपाळावरची बट मागे सारली. मग दार उघडलं आणि लांबलचक व्हरांड्यात, सगळ्या खोल्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "सर, आमची टाकी आजारी आहे!"