पुरावा

घटस्फोटाच्या मागच्या तारखेला बायकोचा वकील म्हणाला होता, "हा माणूस लेकीला सीटवर बांधायच्या बालखुर्चीशिवायच गाडीतून फिरवतो." म्हणून क्लेटन न्यायाधीशबाईंना दाखवायला नवीकोरी बालखुर्ची मांडीवर घेऊन सकाळपासून काउंटी कोर्टाच्या बाकावर बसला होता. दुपारी दार उघडून कारकूनबाई आल्या. "अहो, तुम्ही इथं? सुनावणी व्हिडिओवर होती! मॅडमनी किती वेळ वाट पाहिली. तुम्ही गैरहजर, म्हणून मुलीचा ताबा आईला दिला." "मी इथंच होतो की, दाराबाहेर!" "ईमेल पाठवला होता." "आमच्या डोंगरात कुठली आलीय रेंज, बाई? आमचा म्हातारा सांगायचा, न्यायाधीशासमोर टोपी काढून उभं राहावं." "आता अपील करा," म्हणत बाईंनी दार लावलं. पिकअपमध्ये त्यानं खुर्ची शेजारच्या सीटवर ठेवली. गाडी बर्फातून निघाली, तशी कोकलू लागली: कोणीतरी बसलंय, पट्टा लावा. त्यानं लावला. गाडी गप्प झाली.