रिकामं पोतं

"काकी, तुमचं पोतं रिकामंच?" ग्रामसेवक घनश्यामनं पोतं उलटं करून ओट्यावर झटकलं. धुळीशिवाय काही पडलं नाही.

प्लॅस्टिकबंदीचं ते पहिलं वर्ष. दवनीवाड्यात पंचायतीनं घरोघरी एकेक पोतं वाटलं होतं. महिनाभराचं प्लॅस्टिक त्यात टाकायचं आणि महिनाअखेरीला दाखवायचं. बाकीच्यांची पोती गळ्यापर्यंत आलेली. तुलसाबाईचं मात्र जसं दिलं तसं कोरं.

तिची रीत गावाला ठाऊक होती. नवरा हुकुमचंद गेला, तेव्हा तिनं त्याच्या सदऱ्यांच्या पिशव्या शिवल्या. खिसे तेवढे तसेच ठेवले. डाळीला एक पिशवी, मिठाला एक, तेलाला काचेची बाटली. मनिरामच्या दुकानात तेलाची पाकिटं लोंबत, पण हिला सुटंच तेल हवं, तेही पावशेर. आज तेल, उद्या डाळ, परवा मीठ. एकटा जीव आणि किराणा रोजचा! आजवर लोक तिला चिकट म्हणत. आता तेच लोक म्हणू लागले, "शिका काही तुलसाबाईपासून."

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात तिच्या खांद्यावर शाल पडली. वर बक्षीसही होतं. पोतं रिकामं राहील तोवर तिचा आठवड्याचा किराणा बचत गटाची बाई घरी आणून देणार, तिच्याच पिशव्यांत, तिच्याच बाटलीत. "आता तुमाले या वयात दुकानात जायचं काम नाई," सरपंच शकुंतलाबाई माइकवर म्हणाल्या. टाळ्या पडल्या. तुलसाबाईच्या ओठांवर 'नको' आलं होतं. पण अंगावर शाल घेऊन नको कसं म्हणायचं? तिनं हात जोडले.

सोमवारी ओमेश्वरी स्कूटीवरून आली. "काकी, किराणा!"

"बस ना वो, चहा मांडतो."

"टाइम नाई जी, बँकेत जा लागते." पिशव्या ओट्यावर ठेवून ती गेलीसुद्धा. दुसऱ्या सोमवारी तुलसाबाईनं चहा आधीच करून ठेवला. तो तिनं एकटीनंच प्यायला, दोन्ही कप.

घर रिकामं होतंच, आता दिवसही रिकामा झाला. मुलगा भुवनेश्वर पुण्याला. त्याचा फोन रविवारी, "तब्येत बरी ना?" एवढ्यापुरता. "काय रांधलं आज, काकी?" हे विचारणारा जगात एकटा मनिराम होता, आणि तो दुकानात बसलेला. एका बुधवारी दिवेलागणीला तिच्या ध्यानात आलं, सकाळपासून आपण तोंड उघडलं ते फक्त जांभई द्यायला. तिला भीती वाटली. असंच एक दिवस आवाजच निघाला नाही तर?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पिशवी घेऊन तळ्याच्या पाळीवर गेली. तिथं पोरं बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा खात आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या पन्न्या तिथंच टाकत. तिनं त्या वेचल्या. पानठेल्यामागून वेचल्या, शाळेच्या कुंपणापासून चिप्सची पाकिटं उचलली. घरी आणून सारं धुतलं, कारण घाण घरात ठेवायची तिची रीत नव्हती. अंगणात वड्या वाळवाव्या तसं वाळवलं आणि पोत्यात दाबून भरलं.

महिनाअखेरीला घनश्यामनं पोत्यात हात घातला, तर मूठभर पन्न्या हाती आल्या.

"काकी! तुमी खर्रा खाऊन राहिल्या?"

"सवय लागली, बाबू," तुलसाबाई म्हणाली.

"अवो, पण तुमी? साऱ्या गावाले तुमचं उदाहरण देऊन राहिलो आमी!" घनश्यामला खरंच वाईट वाटलं. "आता मान दुसऱ्या घराले जाईल. किराणा बंद. तुमालेच पायी जा लागल दुकानात."

तुलसाबाईनं पदर तोंडाला लावला. म्हातारी शरमली, असं समजून घनश्यामनं नजर वळवली आणि पोतं उचलून तो निघून गेला.

बाटली तिनं सकाळीच घासून ठेवली होती. अर्ध्या तासात ती मनिरामच्या दुकानाच्या पायरीवर होती.

"कोठी गेल्त्या जी काकी इतके दिस?" मनिराम उठून उभा राहिला. "अन् थे खर्र्याचं काय ऐकून राहिलो मी? काऊन खाल्ला?" बोलता बोलता त्यानं बाटलीत नरसाळं बसवलं आणि तेलाचा डबा वाकवला.

तुलसाबाई पायरीवर ऐसपैस बसली.

"धार बारीक ठेव, बापा," ती म्हणाली. "सांगाचं लय आहे."