सर्वांत वरचं ठिकाण

"पाच वर्षं जुनी वाटत नाही हो. काय डौल आहे!" म्हणत गिऱ्हाइकाने बाबांच्या लांबलचक निळ्या गाडीचं बटण दाबलं. मी शेजारी बसले. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता.

मोठ्या पडद्यावर नेहमीची ठिकाणं उमटली. घर, बँक, आणि सर्वांत वर चिमी.

"चिमी कोण?"

"मी. पण बाबा माझ्याकडे कधी आलेच नाहीत."

"मग तिकडेच चक्कर मारू."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही बाबांची रीत. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी मी त्यांना फोनवर म्हणाले होते, "मग आता कधीच येऊ नका."

गाडी रस्ता सांगत गेली. "आपण पोहोचलात," ती म्हणाली ते आमच्या फाटकाशी नाही, समोरच्या लाँड्रीपाशी. काचेच्या छतातून तिसऱ्या मजल्यावरची माझी गॅलरी दिसत होती, दोरीवरच्या ओढण्यांसकट.

गिऱ्हाईक पडद्यावरच्या नोंदी वाचत होतं. "दर रविवारी इथेच तासभर उभी असायची की ही."

त्याने दाराच्या कप्प्यातली स्टीलची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"ही राहिलीय, ताई."

बाटली अर्धी भरलेली होती. बाबा पाणी घरूनच घेऊन यायचे.