ठेका माझा

इबोलातून उठून वर्ष झालं तरी चार घाव घातले की माझ्या हातातलं त्राण जायचं. त्या संध्याकाळी रात्रीच्या कालवणासाठी कसाव्याचा पाला उखळात टाकून मुसळ उचललं. शेजारच्या अंगणांत दोघीदोघी समोरासमोर एका ठेक्यात कुटत होत्या. माझ्यासमोर कोणी नव्हतं. दमून मी मुसळावर कपाळ टेकलं. "दवाखान्यानं बरी म्हणून सोडलं ना तुला, जेनेबा?" सासूबाई चुलीजवळून कडाडल्या. "रोग गेला, आळस तेवढा राहिला! दे इकडे." त्यांनी मुसळ धरलं, मी सोडलं नाही. "काढून घेऊ नका, आई. दुसरं आणा, समोर उभ्या राहा. पण ठेका माझा." "मग आज उपाशीच निजू!" म्हणत त्यांनी दुसरं मुसळ आणलं. एक घाव माझा, एक त्यांचा. मला दम लागला. शेजारणींचं कुटून झालं. सासूबाई मुसळ उचलून माझ्या घावाची वाट बघत थांबल्या.