खांबाआड

मशिदीच्या दारात पाहुण्या बायकांसाठी ठेवलेला राखाडी झगा तिने अंगात चढवला, त्याची टोपी डोक्यावर ओढली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"बघा. आत टक्कल आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

"सगळ्या सारख्याच दिसताय," तो म्हणाला. "चुकून दुसरीच कुणी घरी नेली तर?"

"न्या की. आणि मोजे कुठे ठेवलेत ते तिलाच विचारत बसा."

मशिदीच्या मोठ्या दालनात गालिच्यावर पावलांचा आवाज होत नव्हता. नमाजाची जागा दोरी लावून वेगळी ठेवली होती. दोरीच्या अलीकडे पर्यटक माना वर करून उभे होते. घुमटाच्या खिडक्यांतून येणारा उजेड खाली पोचेपर्यंत पसरून फिका होत होता. हा घुमट पाहायचं त्याच्या कित्येक वर्षं मनात होतं.

औषधांचा आता उपयोग नाही, असं डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात तिला सांगितलं होतं. घरी येऊन ती म्हणाली होती, "किमोला सुट्टी मिळाली. चला कुठेतरी." त्याने काहीच विचारलं नाही. लगेच तिकिटं काढली. खरं सांगून निदान ही सहल तरी नासवायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

तिला धास्ती होती ती आपल्यामागे त्याचं कसं होणार याची. नोकरीत आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या या माणसाला घरात स्वतःचा चष्मा सापडत नसे. दुकानात ती पलीकडच्या रांगेत गेली, तरी 'अगं' म्हणून अशी हाक द्यायचा की लोक वळून बघायचे.

काय मनात आलं कोण जाणे, ती हळूच मागे सरकली आणि एका जाड खांबाआड उभी राहिली. राखाडी झगे घातलेल्या बायका ये-जा करत होत्या. आता हा बावरणार, ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत सुटणार.

त्याने मान खाली केली. शेजारी पाहिलं. गर्दीवरून एकदा नजर फिरवली. मग हात मागे बांधून तो नुसता उभा राहिला. एक घोळका आला, त्याला त्याने वाट करून दिली आणि पुन्हा होता तिथेच उभा राहिला.

आधी तिला गंमत वाटली. मग राग आला. मग डोळे भरून आले. इतकं सोपं होतं?

डोळे पुसून ती त्याच्यापाशी गेली.

"अहो, बायको हरवली तरी पत्ता नाही तुम्हाला!"

"त्या खांबाआड होतीस. झग्याचा घोळ बाहेर आला होता."

"मग हाक मारायला काय झालं होतं?"

मागे बांधलेले हात त्याने सोडवले.

"डॉक्टर माझ्याशीही बोललेत," तो म्हणाला. "हाक न मारता राहायला जमतंय का, ते बघत होतो."