खड्ड्याचा विमा

लोर्ना पोकोर्नी विम्याच्या त्या जुन्या पॉलिसीवर तळवा दाबून बसली होती आणि हात काही उचलत नव्हती. कारखाना बंद झाला तेव्हा जुने कागद जाळून टाक, असं मालकाने तिला सांगितलं होतं. लोर्ना तिथे हिशेब लिहायची. रजईच्या ठिगळांचे साचे कापायला कागद बरा म्हणून तिने खोकी घरी आणली होती. पॉलिसीचा कागद फार पातळ निघाला, म्हणून वाचला.

समोर टेस हॅलोरन बसली होती. जुन्या पॉलिसी हुडकून काढायच्या, हाच तिचा धंदा. तिला नेमलं होतं त्या मालकाने, वेंडेल स्ट्रिकलरने. त्याच्या क्रोम चढवायच्या कारखान्यामागे एक खड्डा होता. वापरलेलं आम्ल त्यात वर्षानुवर्षं ओतलं गेलं, जमिनीत मुरलं आणि शेजाऱ्यांच्या विहिरींत उतरलं. आता विस्कॉन्सिन सरकारने त्याला जमीन साफ करायचा हुकूम दिला होता.

"हल्लीची पॉलिसी प्रदूषणाचे पैसे देत नाही," टेस म्हणाली. "त्या काळी प्रदूषण वगळणारं कलमच नव्हतं. नुकसान त्या वर्षांतलं असलं, की कंपनीला आजही भरावं लागतं. अट एकच. मालकाने ते जाणूनबुजून केलेलं नसावं."

"आणि त्याच्या खिशातून काय जाणार?"

"काहीच नाही."

स्ट्रिकलरचं उत्तरेला तळ्याकाठी घर होतं, नौका होती. ते सगळं विकलं असतं तर जमीन दोनदा धुऊन निघाली असती. त्या घरासमोर 'विकणे आहे'ची पाटी बघायची आणि मगच मरायचं, एवढी एकच इच्छा तिला उरली होती.

तिचा नवरा एमिल त्याच कारखान्यात मुकादम होता. मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. पुढे विहिरींचं पाणी तपासलं गेलं, तेव्हा स्ट्रिकलर गावच्या सभेत उभा राहून म्हणाला, खड्डा एमिल बघायचा, मला काय माहीत? लोर्ना उठून म्हणाली होती, याला सगळं माहीत होतं. लोकांनी माना हलवल्या. बिचारी, दुःखाने बोलतेय, असं म्हणून तिला खाली बसवलं.

"हा कागद जाळला तर?" तिने विचारलं.

"दुसरी प्रत मिळेल. एजंटाच्या जुन्या दप्तरात, नाहीतर बँकेत. मला वेळ लागेल आणि तोवर तुमचे शेजारी बाटलीतलं पाणी पितील, एवढंच."

लोर्नाने हात उचलला.

त्यानंतर ती स्वतः ओव्हनमधला कोंबडी-शेवयांचा पदार्थ घेऊन स्ट्रिकलरच्या दारात गेली. तो आधी बिचकला, मग जेवायला लागला. एकट्या म्हाताऱ्याला घरचं अन्न कुठून मिळणार? ती दर आठवड्याला जाऊ लागली. शुक्रवारी मासे खायला जमणाऱ्या मंडळींनी ठरवून टाकलं, की लोर्नाने माफ केलं. एमिलची बहीण बर्निस मात्र तिच्या घरी येऊन सुनावून गेली, की माझ्या मेलेल्या भावाला विकलंस, तेही त्या चोरासाठी. लोर्ना भांडी विसळत राहिली. बर्निस गेल्यावर तिथेच नळाशी उभी राहून रडली.

पण जाणं थांबवलं नाही.

"शपथेवर काही विचारलं तर घाबरायचं नाही," ती स्ट्रिकलरला वाढता वाढता सांगे. "खड्डा एमिल बघायचा. तुम्हाला कुठे वेळ होता?"

तो मान डोलवायचा.

"सगळा कारखानाच एमिल चालवायचा म्हणा ना. तुम्ही नुसत्या सह्या करायचात. गावातही तसंच बोलतात."

काटा हवेतच थांबला. "कोण बोलतं?"

"सगळेच. वाईट अर्थाने नाही हो. आम्ल कुठलं नि पाणी कुठलं, हेसुद्धा वेंडेलला कळायचं नाही, म्हणतात. आपल्याला तेच तर हवंय."

पुढच्या खेपेला तिने सहज सांगितलं, की मोटार कंपनीने ज्या चकाकीसाठी स्ट्रिकलरला बक्षिसाची ढाल दिली, तीही म्हणे एमिलचीच करामत होती. त्या दिवशी त्याने ताट अर्ध्यावर सारलं. ती उरलेलं झाकून ठेवून निघाली.

पैसे देण्याआधी विमा कंपनीने शपथेवर जबानी मागितली. त्या दिवशी वकिलाच्या कचेरीत विमा कंपनीचा वकील, टंकलेखिका, टेस, स्ट्रिकलर आणि त्याची साक्षीदार म्हणून लोर्ना, एवढीच माणसं होती. टेसने स्ट्रिकलरकडून घोटून घेतलं होतं. काही झालं तरी एकच उत्तर, मला माहीत नव्हतं. ते त्याने नीट दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दिलं.

वकील तरुण होता आणि थकलेला दिसत होता. "म्हणजे कारखान्यात काय चालायचं ते मिस्टर पोकोर्नींना ठाऊक असायचं, तुम्हाला नाही. असंच लिहायचं ना?"

लोर्नाने स्ट्रिकलरच्या मनगटावर हलकेच थोपटलं, पोराला औषध पाजताना थोपटावं तसं.

त्याने हात झटकला.

"एमिलला? एमिलला काय डोंबल ठाऊक असायचं? माझ्या हुकमाशिवाय तो साधं पिंप हलवत नव्हता. तो खड्डा मी खणून घेतला. काय ओतायचं, किती ओतायचं, मी सांगायचो. विहिरी नासतील म्हणून तो नको नको करत होता. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं, तेव्हा मुकाट्याने ओतायला लागला. कारखाना माझा होता! विचारा, विचारा हिला."

टेसने डोळे मिटून घेतले. टंकलेखिकेची बोटं शेवटच्या शब्दापर्यंत चालली आणि थांबली.

वकील लोर्नाकडे वळला. हे खरं आहे का, असं त्याने अदबीने विचारलं.

"अक्षर न् अक्षर," लोर्ना म्हणाली. "मी तर हे केव्हाची सांगतेय."